नाक खाली घ्या! छोटं विमान चालवायला शिकणं म्हणजे नेमकं काय

छोटं विमान हवेत सरळ चालवणं सोपं आहे. वाचून कोणी दचकेल, पण कुठल्याही इन्स्ट्रक्टरला विचारून बघा. पहिल्याच धड्यात, दोन-तीन हजार फुटांवर पोचल्यावर, ते योक, म्हणजे विमानाचं हँडल, तुमच्या हातात देतात आणि थोड्याच वेळात तुम्ही विमान डावी-उजवीकडे वळवायला लागता. मग खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी किमान ४० तासांचं उड्डाण कशाला मागतात? त्यातले बरेचसे तास जुन्या सवयी मोडण्यात जातात, म्हणून. सायकल, स्कूटर, मोटार यांनी आपल्या हातापायांना जे वळण लावलेलं असतं, ते विमानात ठिकठिकाणी उलटं पडतं. कुठे आणि का, ते समजलं की पहिला धडा निम्मा झाला म्हणायचा.

उदाहरणासाठी सेसना १७२ घेऊ. चार आसनांचं, एका इंजिनाचं, वर पंख असलेलं हे विमान १९५६ पासून बनतंय आणि आजवर ४४ हजारांहून जास्त तयार झालीत. जगात दुसऱ्या कुठल्याही विमानाची एवढी संख्या नाही. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळचं बिरसी इथल्या आकाशात दिवसभर घिरट्या घालणारी छोटी विमानं याच जातकुळीतली.

आधी प्रदक्षिणा

पहिल्या धड्यातला बराच वेळ विमानात बसण्याआधीच जातो. हातात चेकलिस्ट घेऊन विमानाभोवती फिरायचं आणि एकेक गोष्ट डोळ्यांनी बघून, हाताने हलवून तपासायची. टाक्यांच्या तळाशी असलेल्या छोट्या झडपांतून थोडं इंधन पारदर्शक भांड्यात काढतात. हे इंधन म्हणजे अ‍ॅव्हगॅस, रंगाने फिकट निळं. पाणी इंधनापेक्षा जड, त्यामुळे टाकीत पाणी साचलेलं असेल तर ते तळाशी असतं आणि भांड्यात वेगळं दिसतं. अर्धवट भरलेली टाकी रात्रभर उभी राहिली की आतल्या हवेतल्या दमटपणाचं पाणी होतं. जमिनीवर हे पाणी भांड्यातून फेकून देता येतं, हवेत त्याच पाण्यामुळे इंजिन बंद पडू शकतं.

डाव्या पंखाखाली एक नळी पुढे तोंड करून असते, पिटो ट्यूब. समोरून येणाऱ्या हवेचा दाब ती मोजते आणि त्यावरून वेगाचा काटा चालतो. या नळीवर कापडी टोपी घालून ठेवतात, कारण आपल्याकडे कुंभारीण माशीला असली भोकं फार आवडतात. एका दुपारीत ती मातीने नळी लिंपून टाकते. मग इंजिन उत्तम, पंख उत्तम आणि वेगाचा काटा मात्र शून्यावर. उड्डाणाआधी टोपी काढायला विसरलं तरी तेच. पुढे कळेल की वेगाचा आकडा हा या सगळ्या खेळाचा पाया आहे, त्यामुळे ही नळी नुसती बघून चालत नाही, वाकून आत डोकावायचं.

मग तेल, टायर, प्रोपेलरच्या कडेवरचे टवके, शेपटीच्या बिजागऱ्या. नवशिक्याला हे कंटाळवाणं वाटतं. पण एक लक्षात घ्या, बिघाड झाला तर रस्त्याच्या कडेला उभं राहण्याची सोय वर नाही.

आत बसल्यावर पट्टे बांधायचे, खिडकीतून ओरडून प्रोपेलरजवळ कोणी नाही याची खात्री करायची आणि किल्ली फिरवायची. इंजिन सुरू झाल्यावर एक गंमत कळते. मोटारीचं इंजिन ठिणगीसाठी बॅटरीवर अवलंबून असतं, हे नसतं. मॅग्नेटो नावाची दोन स्वतंत्र यंत्रं इंजिनाच्याच फिरण्यातून वीज तयार करतात आणि चारही सिलिंडरना दोन-दोन स्पार्क प्लग असतात. बॅटरी मेली, रेडिओ गेला, दिवे गेले तरी इंजिन चालू राहतं. धावपट्टीवर जाण्याआधी इंजिनाचा वेग मिनिटाला १८०० फेऱ्यांवर नेऊन एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. फेऱ्या थोड्या पडल्या पाहिजेत. फार पडल्या तर बिघाड, आणि अजिबात पडल्या नाहीत तरी संशय, कारण मग ते मॅग्नेटो बंदच होत नसावं.

पायांनी चालवायचं

पहिली सवय इथेच मोडते. विमान जमिनीवरून हळूहळू निघतं, वळण येतं आणि नवशिका योक स्टिअरिंगसारखं फिरवतो. काहीच होत नाही. पंखाच्या टोकांवरच्या झडपा वर-खाली होतात इतकंच. जमिनीवर विमान पायांनी वळतं. रडरची, म्हणजे शेपटीच्या उभ्या झडपेची, दोन पेडल्स पुढच्या चाकालाही जोडलेली असतात, डावं दाबलं की डावीकडे, उजवं दाबलं की उजवीकडे. पेडलच्या वरच्या भागात ब्रेक. आयुष्यभर स्टिअरिंग धरलेल्या हातांना हे पटत नाही आणि विमान टॅक्सीवेच्या, म्हणजे धावपट्टीकडे नेणाऱ्या रस्त्याच्या, पिवळ्या रेघेवरून नागमोडी चालतं. इन्स्ट्रक्टरनी हे इतक्यांदा पाहिलेलं असतं की त्यातले काहीजण विद्यार्थ्याला सरळ हात मांडीवर ठेवायला सांगतात.

धावपट्टीवर पूर्ण थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची सगळी ताकद, दिल्यावर विमान डावीकडे ओढ घेतं. प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या दिशेने फिरतो. त्याने मागे फेकलेली हवा विमानाला पिळा घालत जाते आणि उभ्या शेपटीच्या डाव्या अंगावर आपटते. नाक वर उचलल्यावर प्रोपेलरचं उजवीकडचं, खाली येणारं पातं डाव्या पात्यापेक्षा जास्त ओढ देतं. दोन्हींचा परिणाम एकच, नाक डावीकडे. उपाय उजवा पाय. ‘राइट रडर!’ हे दोन शब्द विद्यार्थ्याच्या कानांत पुढचे कित्येक महिने घुमत राहतात.

५५ नॉटला, म्हणजे ताशी सुमारे १०० किलोमीटरला, योक हलकंच मागे घ्यायचं. हलकंच. योक दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायचं असतं. घट्ट मुठीत आवळलं की हाताची प्रत्येक थरथर विमानात उतरते. हवेत गेल्यावर ट्रिम नावाचं एक छोटं चाक फिरवून योकवरचा दाब काढून टाकता येतो, मग विमान हात सोडले तरी आहे त्या वेगाने जात राहतं. पहिल्या धड्यात इन्स्ट्रक्टर बहुधा हे करून दाखवतात, ‘बघा, तुमच्याशिवायच छान चाललंय!’

योक ओढलं म्हणजे वर जाणं नव्हे

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांची समजूत अशी की इंजिन विमानाला वर धरून ठेवतं आणि योक ओढलं की विमान वर जातं. दोन्ही अर्धवट आहेत.

वर धरतो तो पंख, आणि त्यासाठी त्याला दोन गोष्टी लागतात, हवेतला वेग आणि समोरून येणाऱ्या हवेशी योग्य कोन. संक्रांतीला पतंग उडवणाऱ्यांना कोनाचं हे गणित हातांना ठाऊक असतं. कन्नी नीट बांधली तर पतंग वाऱ्यावर थोडा कलून तरंगतो. कन्नी चुकून तो वाऱ्यासमोर फारच उभा राहिला, तर चढत नाही, थरथरतो आणि गोते खातो. पंखाचा कोन साधारण १५-१६ अंशांपलीकडे गेला की वरच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे होतात आणि उचल एकदम ढासळते. यालाच स्टॉल म्हणतात. इंजिनाशी याचा संबंध नाही. इंजिन गर्जत असतानाही विमान स्टॉल होतं.

म्हणजे योक ओढल्यावर खरं तर वाढतो तो कोन. वेग पुरेसा असेल तर विमान वर जातं. पण वर चढताना वेग खर्च होतो आणि इंजिनाने तो भरून काढला नाही, तर तेच योक तसंच ओढून धरल्यावर विमान थोड्या वेळाने खाली येतं. पंखाच्या मागच्या कडेचे फ्लॅप, म्हणजे कमी वेगात जास्त उचल देणाऱ्या झडपा, मिटलेले असताना सेसना १७२ सुमारे ४८ नॉटच्या आसपास स्टॉल होतं. त्याआधीच पंखाच्या कडेतून किरटा भोंगा वाजायला लागतो, मग विमान थरथरतं आणि नाक आपोआप खाली झुकतं.

या क्षणी माणसाची उपजत बुद्धी काय सांगते? जमीन दिसतेय, खाली चाललोय, ओढा! आणि ओढलं की कोन आणखी वाढतो, स्टॉल आणखी खोल होतो. करायचं असतं नेमकं उलट. योक पुढे, नाक खाली. कोन कमी झाला की हवा पुन्हा पंखाला चिकटते, वेग येतो, मग थ्रॉटल देऊन सावकाश वर. उंचीवर हा सराव करताना शे-दोनशे फूट जातात, बाकी काही नाही. पण खाली पडताना नाक खाली ढकलायचं, हे शरीराला पटवून द्यायला तास लागतात. माझ्या मते वैमानिकी शिक्षणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच. बाकी बरंचसं सरावाने येतं, इथे मात्र भीतीच्या विरुद्ध हात चालवायला शिकायचं असतं.

वळणात हे आणखी अवघड होतं. विमान एका अंगावर कलून वळतं, त्यामुळे पंखाच्या उचलीचा काही भाग वळवण्यात खर्ची पडतो आणि उंची राखायला जास्त उचल लागते. ६० अंश कललेल्या वळणात पंखाला विमानाच्या दुप्पट वजन पेलावं लागतं आणि स्टॉलचा वेग सुमारे ४१ टक्क्यांनी चढतो. ४८ चा ६८ होतो. ज्या वेगाला सरळ उडताना निर्धास्त होता, तोच आता धोक्याचा.

उतरणं

शिकण्याचे सगळ्यात जास्त तास इथे जातात. विद्यार्थी धावपट्टीभोवती आयताकृती फेऱ्या मारतो, याला सर्किट म्हणतात. उंची साधारण हजार फूट. उडायचं, वळायचं, धावपट्टीला समांतर उलट दिशेने जायचं, पुन्हा दोनदा वळून धावपट्टीसमोर यायचं, चाकं टेकवायची आणि न थांबता पुन्हा उडायचं. एका तासात अशा सहा-आठ फेऱ्या होतात.

उतरणं नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. पंखाला हवेतला वेग लागतो आणि चाकांना जमिनीवरचा कमी वेग हवा असतो. समोरून १५ नॉटचा वारा असला, तर हवेत ६५ नॉट असूनही जमिनीवर आपण ५० नेच चाललेलो असतो. म्हणून विमानतळावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, विंडसॉक, लावलेली असते, आणि म्हणूनच एकाच धावपट्टीला दोन्ही टोकांना दोन वेगळे आकडे असतात. हे आकडे म्हणजे होकायंत्रावरची दिशा भागिले दहा. मुंबईच्या मुख्य धावपट्टीचे ०९ आणि २७ म्हणजे अनुक्रमे पूर्वेकडे आणि पश्चिमेकडे तोंड.

धावपट्टीकडे येताना तिचं तोंड समोरच्या काचेत एका जागी स्थिर दिसलं पाहिजे. ते काचेत वर सरकत असेल तर आपण आधीच खाली पोचणार, खाली सरकत असेल तर पुढे निघून जाणार. खाली पोचणार असं दिसलं की हात पुन्हा योक ओढायला बघतात. ओढलं की वेग पडतो, उतार आणखी खडा होतो. इथे थ्रॉटल द्यायचं असतं. साधा ठोकताळा असा, वेग नाकाने सांभाळायचा आणि उंची इंजिनाने. (यावर वैमानिकांत जुने वाद आहेत, चहाच्या टेबलावर तास तास चालतात. छोट्या विमानात आणि पहिल्या ४० तासांत हा ठोकताळा पुरतो.)

शेवटच्या वळणातला सापळा इन्स्ट्रक्टर पुन्हा पुन्हा बजावतात. वळायला उशीर झाला, धावपट्टी बाजूला निसटतेय, मग माणूस पायाने नाक ओढून आत घेऊ बघतो आणि योकही मागे खेचतो. वेग कमी, कोन जास्त, शिवाय विमान तिरकं. अशा वेळी एक पंख दुसऱ्याआधी स्टॉल होतो आणि विमान गिरकी घेत खाली जातं. पाच-सहाशे फुटांवरून सावरायला जागा उरत नाही. उत्तर सोपं आणि अहंकाराला जड, फेरी सोडून द्या, वर जा, पुन्हा या. याला गो-अराउंड म्हणतात. आपल्याकडे ‘आता इतकं आलोच आहोत तर’ ही वृत्ती फार, आणि विमानात ती सगळ्यात महाग पडते.

जमिनीपासून काही फुटांवर आल्यावर थ्रॉटल बंद करून नाक सावकाश उचलत न्यायचं, याला फ्लेअर म्हणतात. पंखांच्या लांबीइतक्या, म्हणजे सेसनाच्या बाबतीत सुमारे ११ मीटर, उंचीच्या आत आल्यावर जमिनीमुळे हवेचा अवरोध घटतो आणि विमान तरंगतच राहतं. वेग जास्त असेल तर अर्धी धावपट्टी तरंगण्यातच संपते. नजर नाकासमोरच्या डांबरावर ठेवली तर उंचीचा अंदाज येत नाही, ती धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला न्यावी लागते. मागची दोन चाकं आधी टेकली पाहिजेत, पुढचं चाक नाजूक असतं. हे शब्दांत कितीही सांगितलं तरी पहिल्या वीस-पंचवीस वेळा विमान आपटतंच.

उन्हाळ्यात नागपूरचं महाबळेश्वर होतं

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे ऊन. तापलेली हवा विरळ असते. विरळ हवेत पंखाला उचल कमी, प्रोपेलरला पकड कमी आणि इंजिनाला ऑक्सिजन कमी, तिन्ही बाजूंनी मार. वैमानिक याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फुटांवर. तिथे प्रमाणित तापमान १३ अंश धरतात. मे महिन्यात ४३ अंश असलं तर फरक ३० अंशांचा, आणि दर अंशाला साधारण १२० फूट मिळवायचे. हिशेब होतो ४६०० फूट. म्हणजे धावपट्टीवर उभं असतानाच विमानाला आपण महाबळेश्वरच्याही थोडं वर आहोत असं वाटतं. ते जास्त धावतं आणि मरगळल्यासारखं चढतं. त्यात दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवेचे लोट उठतात आणि विमान उसळत राहतं. म्हणून उन्हाळ्यात धडे पहाटे उरकतात. पावसाळ्यात ढग आणि कमी दृश्यता आडवी येते, कारण नवशिका बाहेर डोळ्यांनी बघूनच उडतो. हिवाळ्यात सकाळचं धुकं. थोडक्यात, फ्लाइंग स्कूलने सांगितलेले महिने आणि प्रत्यक्ष लागणारे महिने यांत अंतर पडतं ते बऱ्याचदा हवेमुळे.

एकटं उडणं आणि कागदपत्रं

एके दिवशी काही सर्किट झाल्यावर इन्स्ट्रक्टर धावपट्टीबाहेर विमान थांबवायला सांगतात, दार उघडून उतरतात आणि म्हणतात, ‘एक फेरी मारून या.’ पहिला सोलो. बहुतेकांच्या बाबतीत ही वेळ १५ ते २५ तासांच्या उड्डाणानंतर येते. त्या फेरीत विमान वेगळंच वागतं, कारण सत्तर-ऐंशी किलो वजन उतरलेलं असतं. ते लवकर उडतं, झपाट्याने चढतं आणि उतरताना जास्त तरंगतं. याची सूचना आधी दिलेली असते, तरी हजार फूट अपेक्षेपेक्षा लवकर आलेले बघून माणूस गडबडतोच.

भारतात हे सगळं डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, नियमांखाली चालतं. विद्यार्थी वैमानिकाचा परवाना १६ व्या वर्षी, खासगी परवाना १७ व्या वर्षी, व्यावसायिक परवाना १८ व्या वर्षी मिळू शकतो. खासगी परवान्यावर घरच्यांना, मित्रांना घेऊन उडता येतं, पण पैसे घेऊन कोणाला नेता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक परवाना आणि २०० तास. या परवान्याच्या लेखी परीक्षांत हवाई नियम, हवामानशास्त्र, दिशाज्ञान आणि तांत्रिक ज्ञान येतं, उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. सुरुवातीला त्या बोलण्यातलं अवाक्षर कळत नाही, कारण सगळे एका श्वासात बोलतात. भारतीय विमानांची नावं व्हीटी या अक्षरांनी सुरू होतात आणि रेडिओवर ती ‘व्हिक्टर टँगो’ अशी म्हणतात. महिन्याभरात कान बसतो.

याच देशात पहिला वैमानिक परवाना जेआरडी टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळाला. तेव्हाही विमान उडवणं पैसेवाल्यांचं काम होतं, आजही ते स्वस्त नाही. विमानाच्या एका तासाचा दर पाच आकडी असतो आणि व्यावसायिक परवान्याचा एकूण खर्च निम्म्या कोटीच्या आसपास किंवा वर जातो. त्यामुळे फी भरायच्या आधी वैद्यकीय तपासणी करून घ्या. नुसत्या हौसेसाठी वर्ग २ पुरतं, पण पुढे एअरलाइनमध्ये जायचं मनात असेल तर वर्ग १ चीच आधी करा. चष्मा चालतो. रंग ओळखण्यात दोष असेल, तर तो पन्नास लाखांचं कर्ज काढल्यावर कळण्यापेक्षा ठिपक्यांची ती चित्रं डॉक्टरसमोर वाचताना कळलेला बरा.